'रिपब्लिक' घ्यायचं, पण कोणाचं?

प्रश्न : आमच्या वाचनगटाने प्लेटोचं 'रिपब्लिक' वाचायला घेतलंय. मी इंटरनेटवर फुकट मिळणारी इंग्रजी प्रत उतरवून घेतली. शंभरेक पानं उलटली तरी सॉक्रेटिस बोलायला लागेना, कोणीतरी त्याच्याविषयीच बोलत राहतं. गटात पाच जणांकडे चार वेगवेगळी पुस्तकं आहेत, त्यामुळे "पान ११२ काढा" म्हटलं की निम्मा वेळ शोधण्यात जातो. एक जण म्हणतो, ब्लूमशिवाय दुसरं काही वाचूच नका. दुसरी म्हणते, सरळ मराठीत वाचू. सगळ्यांत चांगला अनुवाद कोणता ते एकदाचं सांगा. हे झाल्यावर ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र घ्यायचं मनात आहे.
— एक वाचक

उत्तर : तुम्ही वाचलेली शंभर पानं बहुधा प्लेटोची नव्हेतच. फुकट मिळणाऱ्या इंग्रजी प्रतींपैकी बहुतेक बेंजामिन जॉवेट यांच्या अनुवादाच्या असतात. तो अनुवाद १८७१मध्ये पहिल्यांदा छापला गेला, त्यावरचे हक्क केव्हाच संपले, म्हणून तो जिथे तिथे दिसतो. जॉवेट ऑक्सफर्डला ग्रीकचे प्राध्यापक होते. 'रिपब्लिक' हा संवाद आहे, न्याय म्हणजे काय हे सॉक्रेटिस त्यात इतरांशी बोलत शोधतो. जॉवेट यांनी त्याला स्वतःची भलीमोठी प्रस्तावना जोडली. तीत ग्रंथाच्या दहाही भागांचा सारांश आहे, शिवाय त्यावरची टीकाटिप्पणी आहे. बऱ्याच डिजिटल प्रतींत ही प्रस्तावना मजकुराच्या आधी येते, आणि ती कुठे संपते हे चटकन कळत नाही. "काल मी ग्लॉकॉनबरोबर पिरेअसला उतरलो" अशा अर्थाचं वाक्य शोधा (पिरेअस म्हणजे अथेन्सचं बंदर, ग्लॉकॉन हा सॉक्रेटिसशी बोलणाऱ्यांपैकी एक). तिथून प्लेटो सुरू होतो.

पान ११२चं दुखणं त्याहून सोपं आहे. आंरी एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५७८मध्ये प्लेटोचे सगळे ग्रंथ तीन खंडांत छापले. त्याच्या लॅटिन नावावरून त्या पानांना स्टेफानस क्रमांक म्हणतात. प्रत्येक पानाचे ए ते ई असे पाच तुकडे पाडलेले आहेत. भाषा कोणतीही असो, अनुवाद कोणाचाही असो, गुहेत जखडलेल्या, सावल्यांनाच खरं मानणाऱ्या माणसांचा दृष्टान्त ५१४एलाच सुरू होतो. चांगल्या आवृत्तीत हे आकडे पानाच्या समासात छापलेले असतात. 'रिपब्लिक' ३२७एपासून ६२१डीपर्यंत जातं, म्हणजे स्टेफानसची २९५ पानं. दर बैठकीला १२ ते १५ पानं धरली तर वीस-पंचवीस बैठकी लागतील. पुढच्या वेळी "३५७ए ते ३६७ई वाचून या" असं सांगा, चारही पुस्तकं एका रांगेत येतील. फक्त संवादाचं नावही सोबत घ्यायचं, कारण तीन खंडांचे पानक्रमांक वेगवेगळे सुरू होतात आणि एकच आकडा दोन संवादांत सापडू शकतो.

समासात हे आकडे नसलेली प्रत विकत घेऊ नका, मग ती कितीही देखणी असो. आकडे गाळणाऱ्या प्रकाशकाने तुम्ही हे पुस्तक कोणाबरोबर वाचाल, त्यावर वाद घालाल, टीपेतला संदर्भ उघडून पाहाल, याचा विचारच केलेला नसतो. अशा प्रतींत सहसा टिपाही नसतात आणि सूचीही नसते.

आता नाव. इंग्रजीत पहिल्यांदा वाचणाऱ्या गटासाठी आम्ही ग्रूब यांचा अनुवाद सुचवू : मूळ १९७४चा, सी. डी. सी. रीव्ह यांनी १९९२मध्ये सुधारलेला, हॅकेट प्रकाशनाचा. वाक्यं आजच्या इंग्रजीतली आणि बेताच्या लांबीची आहेत, महत्त्वाचे शब्द बऱ्यापैकी स्थिर ठेवलेले आहेत, टिपा गरजेपुरत्या आहेत. घेताना एक फसगत टाळा. रीव्ह यांनी पुढे २००४मध्ये त्याच प्रकाशनासाठी स्वतःचा नवा अनुवाद केला, आणि त्यात सॉक्रेटिसने सांगितलेली हकिकत नाटकासारख्या थेट संवादांत बदलली. "मी म्हणालो, तो म्हणाला" निघून जातं आणि वाचायला हलकं वाटतं. पण मूळ ग्रंथ म्हणजे एका माणसाने दुसऱ्या दिवशी आठवून सांगितलेली हकिकत आहे, आणि गटात चर्चा करायची तर ही गोष्ट डोळ्यांसमोर राहिलेली बरी. मुखपृष्ठ पाहून दोन्ही पुस्तकं सारखीच वाटतील, म्हणून अनुवादाचं साल पाहा.

ब्लूमचा आग्रह धरणारे तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत, अर्धंच सांगतात. ॲलन ब्लूम यांचा १९६८चा अनुवाद शब्दाला शब्द धरून चालतो. ग्रीक शब्द एक असेल तर इंग्रजी शब्दही शक्यतो एकच, हा त्यांचा नेम आहे. त्यामुळे वाक्यं ताठर होतात आणि ओळीने तीस पानं वाचणं जड जातं. पण "प्लेटोने इथे नेमका तोच शब्द वापरला होता का?" असा वाद निघाला की तो ब्लूमच्या प्रतीत बघावा. शेवटी जोडलेला त्यांचा दीर्घ निबंध मात्र संवाद पुरा होईपर्यंत उघडू नका. त्यात एक ठाम मत आहे, आणि ते आधी वाचलं की पुढे तेच दिसत राहतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कॉर्नफर्ड यांनी (१९४१) ग्लॉकॉनची "हो", "अगदी बरोबर", "नाही कसं" ही उत्तरं मोठ्या प्रमाणात गाळली आणि काही मजकूर आवळला. ओघ सुरेख आहे, पण सॉक्रेटिस प्रत्येक पायरीवर समोरच्याची कबुली घेतो ती दिसेनाशी होते, आणि कुठल्या पायरीवर ग्लॉकॉनने नको ते मान्य केलं हे शोधणं हा तर हा ग्रंथ वाचण्याचा अर्धा आनंद. वॉटरफील्ड यांच्या आवृत्तीत (१९९३) टिपा भरपूर आणि उपयोगी आहेत, पण त्यांनी दहा भागांऐवजी स्वतःची प्रकरणं पाडली आहेत आणि न्यायाच्या जागी 'नैतिकता' या अर्थाचा इंग्रजी शब्द घेतला आहे. ग्रिफिथ यांचा अनुवाद (२०००) बोलण्याच्या लयीत आहे, मोठ्याने वाचायचं असेल तर तो घ्या.

ही नावं पाठ करण्यापेक्षा पारख शिकून घेतलेली बरी, कारण ती पुढे कोणत्याही पुस्तकाला लावता येते. बहुतेक लोक पहिलं पान वाचून "भाषा छान आहे" म्हणतात आणि पुस्तक घेतात. भाषेच्या गोडव्यावर अनुवाद पारखू नये. युक्तिवाद ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द अनुवादकाने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत धरून ठेवला आहे का, ते पाहावं. शाळेत आपल्याला तोच शब्द पुन्हा आला की बदलायला शिकवलेलं असतं, आणि तत्त्वज्ञानाच्या अनुवादात हीच सवय घात करते. पहिल्या भागात 'न्याय', चौथ्यात 'सदाचार', आठव्यात 'नीती' असं झालं, तर एकाच गोष्टीची व्याख्या शोधत निघालेला दहा भागांचा ग्रंथ तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय असं वाटू लागतं.

कसं तपासायचं? ३३१सी, ३३८सी, ४३३ए आणि ४४३सी या चार जागा उघडा. चारही ठिकाणी मूळ शब्द दिकाइओसुने (न्याय) किंवा त्याच कुळातला आहे. अनुवादातही चारही ठिकाणी एकच शब्द किंवा त्याचं सहज ओळखू येणारं रूप दिसायला हवं.

दुसरी जागा ४१४बी-सी. आपण कल्पिलेल्या आदर्श नगरातल्या सर्वांना, जमलं तर राज्यकर्त्यांनाही, एक गोष्ट खरी म्हणून पटवून द्यायची आहे, असं सॉक्रेटिस म्हणतो. मूळ शब्द गेन्नाइओन, म्हणजे कुलीन, उमदं, आणि त्याला जोडून खोटं बोलणं. ब्लूम 'उदात्त खोटं' म्हणतात. ग्रूब-रीव्हही जवळपास तसंच म्हणतात. जॉवेट 'राजेशाही खोटं' करतात. कॉर्नफर्ड त्याची 'कल्पनेची धाडसी भरारी' करून टाकतात, तर डेस्मंड ली यांच्या पेंग्विन आवृत्तीत (१९५५) ती 'भव्य पुराणकथा' होते. शेवटच्या दोघांत 'खोटं' गायब झालं! हे नजरचुकीने झालेलं नाही. प्लेटोवर लबाडीचा आरोप येऊ नये म्हणून घेतलेली ती बाजू आहे. असं करण्याचा अनुवादकाला हक्क आहे, पण त्याने ते टीपेत सांगितलं पाहिजे. तुमच्या हातातल्या प्रतीत या जागी टीप आहे की नाही एवढं पाहिलंत तरी त्या आवृत्तीचा प्रामाणिकपणा कळेल.

आता मराठीत वाचण्याची सूचना. ती जरूर विचारात घ्या. आपल्या भाषेत वाद रंगतात आणि "इंग्रजी नीट कळलं नसेल" ही सबब उरत नाही. पण मराठी अनुवाद पारखताना इंग्रजीपेक्षा जास्त सावध राहावं लागतं, कारण आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे शब्द तयार आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द आपापला इतिहास पाठीवर घेऊन येतो.

चौथ्या भागात (४३३ए) न्यायाची व्याख्या येते : आपलं काम करावं, नसत्या उठाठेवी करू नयेत. मूळ ग्रीक वाक्य इतकंच साधं, रोजच्या बोलण्यातलं आहे. इथे अनुवादकाच्या लेखणीत 'स्वधर्म' हा शब्द अगदी सहज येतो. तो आला की मागोमाग गीतेतलं "स्वधर्मे निधनं श्रेयः" येतं, वर्णव्यवस्थेचा सगळा वाद येतो, आणि वाचक प्लेटोशी भांडायचं सोडून दुसऱ्याच कोणाशी भांडू लागतो. प्लेटोच्या नगरातल्या तीन वर्गांची आपल्या परंपरेशी तुलना करायला काहीच हरकत नाही, ती रंगतेही. पण ती वाचकाने करायची, अनुवादकाने ती शब्दातच घुसवायची नाही.

'आत्मा' हा शब्द तर आणखी अवघड. मूळ प्सुखे. त्याच भागात, ४३६ए ते ४४१सीमध्ये, तिचे तीन अंश वेगळे काढून दाखवले आहेत आणि ते एकमेकांशी झगडतात. वेदान्ताच्या संस्कारातून आलेल्या वाचकाला आत्मा निरवयव, निर्विकार असतो. त्याचे तीन तुकडे पाडून त्यांची मारामारी लावली की एक तर तो गोंधळतो किंवा "हे म्हणजे सत्त्व-रज-तम" म्हणून पुढे निघून जातो. ते जुळत नाही. 'मन' घेतलं तर दहाव्या भागातल्या मरणोत्तर प्रवासाला तो शब्द अपुरा पडतो. 'जीव' घेतला तर विवेक करणारा अंश त्यात नीट बसत नाही. निर्दोष पर्याय नाहीच, म्हणून अनुवादकाने प्रस्तावनेत आपली निवड मांडली आहे का ते बघा. एक परिच्छेदही पुरे. एक ओळही नसेल तर त्याला ही अडचण जाणवलीच नाही, असं समजायला जागा आहे.

या तीन अंशांतला विवेक आणि वासना यांच्या मधला अंश, थुमॉस, ही आमच्या मते मराठी अनुवादाची खरी कसोटी. ४३९ईला लिऑन्टिअसची गोष्ट आहे. वधस्थळाजवळ पडलेली प्रेतं बघण्याची त्याला अनावर इच्छा होते, स्वतःचीच किळस येते, शेवटी तो डोळे ताणून तिकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देतो. स्वतःवर चिडणारा हा जो अंश, तो विवेकाच्या बाजूने लढतो, असं पुढे सॉक्रेटिस म्हणतो (४४०ई). इथे 'क्रोध' लिहिलं की संपलं. आपल्याकडे क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, आणि इथे तर तो विवेकाचा मित्र आहे. 'तेज', 'मानीपणा', 'बाणेदारपणा' यांपैकी काहीही चालेल. आमचा कौल बाणेदारपणाला, कारण त्यात राग आहे, पण स्वतःची लाज राखणारा राग आहे.

मराठी अनुवाद ग्रीकवरून केला आहे की इंग्रजीवरून, हे दुसरं तपासायचं. इंग्रजीवरून केलेला अनुवाद वाईटच असतो असं नाही. मात्र कोणत्या इंग्रजी अनुवादावरून, हे सांगितलेलं हवं. न सांगितल्यास दहाव्या भागातल्या पलंगाच्या दृष्टान्ताकडे (५९६ए-५९७ई) जा. सुताराने केलेला पलंग, चित्रकाराने काढलेला पलंग आणि त्या दोन्हींच्या आधीचा, ज्याच्यामुळे पलंग हा पलंग ठरतो, तो एकमेव पलंग. ग्रीकमध्ये या शेवटच्यासाठी एइदॉस आणि इदेआ हे शब्द आहेत. जॉवेट त्याला 'आयडिया' म्हणतात, आणि तिथून मराठीत 'कल्पना' उतरण्याचा धोका असतो. कल्पना कोणाच्या तरी मनात असते. प्लेटो सांगतोय ते कोणाच्याही मनावर अवलंबून नाही, उलट पाहिलेल्या वस्तूंपेक्षा ते अधिक खरं आहे. 'रूप', 'आकार', 'आदिरूप' असं काही दिसलं तर अनुवादकाने विचार केलेला आहे. सरसकट 'कल्पना' दिसली तर ते पुस्तक गटासाठी घेऊ नका.

आणखी एक बारीक जागा. ग्रंथाचा पहिलाच शब्द 'खाली उतरलो' असा आहे. सातव्या भागात, ५२०सीला, गुहेबाहेर पडलेल्यांना सॉक्रेटिस पुन्हा 'खाली उतरलं पाहिजे' म्हणतो, आणि क्रियापद तेच आहे. "काल मी पिरेअसला गेलो होतो" हे मराठी बिनचूक आहे, फक्त तो धागा तुटतो. एवढ्यावरून अनुवाद नाकारू नका, पण 'उतरलो' सापडलं तर त्या अनुवादकावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

प्रत घेताना मुखपृष्ठ उलटून प्रकाशनाची माहिती देणारं पान वाचा. अनुवादकाचं नाव हवं, अनुवादाचं मूळ साल हवं, आणि कोणत्या ग्रीक संहितेवरून काम केलं तेही हवं. 'रिपब्लिक'च्या बाबतीत ती बहुधा ऑक्सफर्डची असते, बर्नेट यांनी संपादित केलेली १९०२ची किंवा स्लिंग्स यांची २००३ची. अनुवादकाचं नावच नसलेली नवीकोरी प्रत बहुतेकदा जुन्या, हक्कमुक्त अनुवादाला घातलेला नवा सदरा असते, आणि तिच्यावरचं साल छपाईचं असतं. ऑनलाइन घेत असाल तर वाचकांच्या अभिप्रायांवर विसंबू नका. कित्येकदा चार अनुवादांचे अभिप्राय एकाच पुस्तकाखाली गोळा झालेले असतात, आणि 'आत डोकावून पाहा' म्हणून दाखवलेली पानं भलत्याच आवृत्तीची निघतात. आयएसबीएन क्रमांक जुळवून मागवा.

ॲरिस्टॉटलसाठी आकडे वेगळे. इमॅन्युएल बेकर यांनी संपादित केलेल्या १८३१च्या बर्लिन आवृत्तीची पानं, स्तंभ आणि ओळी तिथे धरतात. 'निकोमाखीय नीतिशास्त्र' १०९४ए१ला सुरू होतं. तिथली तुमची कसोटी १०९५बी१४पासूनची. सामान्य लोक एउदाइमोनिआ म्हणजे हेदोने समजतात, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. दोन्हींना 'सुख' म्हटलं की वाक्य "लोक सुखाला सुख समजतात" असं होऊन बसतं. पहिल्याला 'कल्याण' किंवा 'सफल जीवन', दुसऱ्याला 'सुख', अशी काहीतरी फारकत हवीच. इंग्रजीत टेरेन्स अर्विन यांची हॅकेट आवृत्ती घ्या. तिच्या शेवटी दिलेली पारिभाषिक शब्दसूची तुमच्या गटाला मुख्य मजकुराइतकीच उपयोगी पडेल. डब्ल्यू. डी. रॉस यांचा १९२५चा अनुवादही चांगला आहे, पण लेस्ली ब्राउन यांनी सुधारून २००९मध्ये आलेली ऑक्सफर्ड आवृत्ती मिळाली तर जुन्याच्या वाटेला जाऊ नका. गटाची मजल कधी कांटपर्यंत गेलीच, तर त्याच्या पहिल्या 'क्रिटिक'च्या ('क्रिटिक ऑफ प्युअर रीझन') १७८१ आणि १७८७ या दोन्ही आवृत्त्यांचे, ए आणि बी, पानक्रमांक समासात असल्याशिवाय पुस्तक घेऊ नका. मधले काही भाग त्याने नव्याने लिहिले आणि अभ्यासक दोन्ही पाठांवर बोट ठेवून बोलतात.

आता तुमच्या पाच जणांकडची चार पुस्तकं. ती बदलायची घाई करू नका, फक्त ज्यांच्या समासात आकडे नाहीत त्यांनी ग्रूब-रीव्ह घ्यावं. एकाने ब्लूम जवळ ठेवावा, आणि जिला मराठीत वाचायचं आहे तिने मराठीतच वाचावं. तिच्या प्रतीत आकडे नसतील तर दहा भागांच्या सुरुवाती पेन्सिलीने लिहून घ्याव्यात : ३२७ए, ३५७ए, ३८६ए, ४१९ए, ४४९ए, ४८४ए, ५१४ए, ५४३ए, ५७१ए, ५९५ए. मधली पानं वाचता वाचता भरत जातात. एखाद्या शब्दावर बैठक अडली तर पर्सियस या संकेतस्थळावर बर्नेटची ग्रीक संहिता आणि पॉल शोरी यांचा इंग्रजी अनुवाद स्टेफानस क्रमांकाने उघडता येतो. ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचा कोशातला अर्थ दिसतो. ग्रीक येत नसलं तरी दोन ठिकाणी तोच शब्द आहे की नाही, एवढं तिथे डोळ्यांनी ताडता येतं. पहिल्या बैठकीला ३२७ए ते ३३६ए घ्या. सॉक्रेटिसचा तापट प्रतिवादी थ्रासिमाखस ३३६बीला मध्ये उडी घेतो, त्याला पुढच्या बैठकीसाठी ठेवा.